पाच बटणे, सहा कळ्या

शर्टवेस्ट ड्रेस म्हणजे वरच्या अंगाला शर्टासारखी कॉलर आणि बटणपट्टी, नेमक्या कंबरेवर जोड, आणि खाली पोटरीपर्यंत उतरणारा घेरदार स्कर्ट. १९४० आणि १९५० च्या दशकांत इंग्लंड-अमेरिकेतल्या बायका तो घरात, ऑफिसात आणि बाजारात घालत. अंग झाकणारा, पण अंगावर ओझे न होणारा असा जुन्या वळणाचा ड्रेस शिवायचा असेल, तर हाच आराखडा सर्वांत भरवशाचा आहे. त्यात अवघड असे काही नाही, मात्र मापात ढिलाई चालत नाही.

या ड्रेसचा साधेपणा महायुद्धाच्या काळातल्या टंचाईतून आला. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ रोजी कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले. सुरुवातीला माणशी वर्षाला ६६ कूपने मिळत, आणि एका लोकरी ड्रेसला त्यांतली ११ लागत, इतर कापडाच्या ड्रेसला ७. पुढच्या वर्षी शिवणकामावरही निर्बंध आले. ड्रेसला जास्तीत जास्त पाच बटणे, दोन खिसे, आणि स्कर्टला सहा शिवणी. चुण्याही मोजून मापून. नॉर्मन हार्टनेल, हार्डी एमीस, डिग्बी मॉर्टन अशा नामवंत ड्रेस डिझायनरांनी या चौकटीत बसणारे नमुने तयार केले, आणि त्यांतले काही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आजही आहेत. भारतातही १९४३ मध्ये सुती कापड आणि सूत यांवर नियंत्रण आले. कापड मोजके असले की डौल झालरीतून आणता येत नाही. तो खांद्याच्या रेषेतून, कंबरेच्या जागेतून आणि स्कर्टच्या पडण्यातूनच आणावा लागतो. जुन्या छायाचित्रांतले ड्रेस आजही नजरेत भरतात ते याच कारणाने. म्हणून नवा ड्रेस बेततानाही पाच बटणे, सहा शिवणींनी जोडलेल्या सहा कळ्या आणि दोन खिसे ही मर्यादा आपणहून पाळावी. तिच्यामुळे काम सोपे होते आणि ड्रेस जुन्या काळातला वाटतो. लेस, मोती आणि रिबिनी लावून तसा भास होत नाही. उलट नाटकातला पोशाख तयार होतो.

१२ फेब्रुवारी १९४७ रोजी पॅरिसमध्ये क्रिस्तियाँ दिओर यांनी आपला पहिला संग्रह दाखवला. ‘न्यू लुक’ या नावाने गाजलेल्या त्या संग्रहात स्कर्टचा घेर एकदम वाढला आणि लांबी पोटरीवर उतरली. युद्धकाळातले स्कर्ट गुडघ्याच्या जरासे खाली थांबत. इथे दिलेला आराखडा दोन्हींच्या मधला आहे: वरचे अंग युद्धकाळातले, नेटके, स्कर्टची लांबी १९४७ नंतरची.

कापड

जुन्या ड्रेसच्या कापडाला एक जिवंत पड होती. त्या काळात रेयॉन क्रेप खूप वापरले जाई; उन्हाळ्यासाठी सुती कापड असे. आपल्याकडच्या हवेत सुती पॉपलीन, कॅम्ब्रिक, मऊसूत खादी आणि पातळ लिनन ही कापडे चांगली. रेयॉन छान पडते, पण कापताना सरकते. पहिलाच ड्रेस शिवणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. वॉयल आणि मलमल सुंदर दिसतात, मात्र त्यांना अस्तर लागतेच. पॉलिस्टर जॉर्जेट टाळावे. ते अंगाला चिकटते आणि त्याच्या चुण्या मनासारख्या बसत नाहीत.

कापड पारदर्शक आहे की नाही हे दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कळत नाही. एक पदर उचलून दाराशी जावे, उजेडाच्या दिशेने धरावा आणि मागे हात ठेवावा. बोटे वेगवेगळी मोजता आली तर अस्तर किंवा आतून स्लिप हवी. हाताची नुसती सावली दिसत असेल तर वरच्या अंगाला अस्तर नको, स्कर्टखाली स्लिप पुरेल. रस्त्यावर ऊन पाठीमागून येते तेव्हा पांढऱ्या आणि फिक्या रंगांतून पायांची आकृती दिसते. घरातल्या आरशात हे दिसत नाही.

बारीक फुलांची छपाई, ठिपके, बारीक चौकडी आणि पट्टे हे त्या काळाचे नमुने. मोठी फुले टाळलेली बरी, कारण सहा कळ्यांच्या शिवणींत ती मधोमध कापली जातात. फुले एकाच दिशेने उभी असतील तर कळ्या उलटसुलट मांडता येत नाहीत आणि कापड जास्त लागते. ४४ इंच पन्ह्याचे, दोन्ही बाजूंनी सारखे दिसणारे कापड मध्यम बांध्याला साडेतीन मीटर पुरते. एका दिशेच्या छपाईला चार मीटर घ्यावे. पट्टे आणि चौकडी शिवणीवर जुळवायची तर आणखी पाव मीटर.

घरातली जुनी सुती साडी वापरणे हा आपल्याकडचा जुनाच रिवाज, आणि साडीत कापड भरपूर असते. दोन गोष्टी मात्र पाहाव्यात. निऱ्यांच्या खालचा आणि बसण्याच्या जागेचा भाग झिजलेला असतो. तिथले कापड स्कर्टच्या मागच्या कळ्यांना वापरू नये. दुसरे म्हणजे काठ. कळीची खालची कड किंचित गोल असते, त्यामुळे सरळ काठ तिथे बसत नाही. काठ खाली घेरावर हवाच असेल तर कळ्या सोडून चुण्यांचा सरळ स्कर्ट करावा लागतो, आणि तो कंबरेवर जाड होतो. त्यापेक्षा काठ बाहीच्या कडेला आणि पट्ट्याला घ्यावा.

सुती कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करून मगच बेतावे. अस्तराचेही तेच. अस्तर नंतर आटले तर वरचे कापड कंबरेवर फुगते, आणि ते दुरुस्त करायला सगळा ड्रेस उसवावा लागतो.

मापे

कंबरेची खरी जागा शोधण्यापासून सुरुवात होते. कंबरेला एक सैल दोरा बांधून दोन्ही बाजूंना वाकावे. दोरा आपोआप जिथे घडीत बसतो ती नैसर्गिक कंबर. जीन्सची कंबर याच्या बरीच खाली असते, त्यामुळे ही जागा पुष्कळांना आधी फार वर वाटते. जुन्या ड्रेसचा सारा तोल मात्र या रेषेवर असतो. जोड इंचभर खाली सरकला तरी धड लांब दिसते आणि ड्रेस गाऊनसारखा लोंबतो.

दोरा तसाच ठेवून उरलेली मापे घ्यावीत: छाती, कंबर, पुट्ठा, खांदा, मागच्या मानेच्या हाडापासून दोऱ्यापर्यंत पाठ, आणि खांद्यावरून छातीच्या उंचवट्यावरून दोऱ्यापर्यंत पुढचा भाग. पुढची लांबी पाठीपेक्षा जास्त भरते. हा फरक बगलेखालच्या आडव्या टक्समध्ये जिरवायचा असतो. तो टक्स गाळला तर ड्रेस पुढून वर उचलला जातो.

उदाहरणासाठी छाती ३६, कंबर ३०, पुट्ठा ३८ आणि उंची पाच फूट तीन इंच असे अंग धरू. छातीला चार इंच सैलपणा दिला की ४० होतात, म्हणजे वरच्या अंगाचा प्रत्येक पाव भाग १० इंच. कंबरेला दोन इंच सैलपणा, म्हणजे ३२, पाव भाग ८. मधले दोन इंच असे जातात: दीड इंच उभ्या टक्समध्ये, अर्धा इंच बाजूच्या शिवणीत. अंगभर कपडा म्हणजे ढगळ कपडा, ही समजूत चुकीची आहे. चार इंचांपेक्षा जास्त सैलपणा दिला तर गळा वाकताना पुढे लोंबतो आणि आतले दिसते. नेटका बसलेला गळा जागचा हलत नाही.

जुन्या आणि आजच्या कपड्यांतला सर्वांत मोठा फरक मुंढ्यात आहे. जुन्या ड्रेसचा मुंढा लहान आणि वर, बगलेला लागून असे. छाती भागिले सहा अधिक दीड, म्हणजे ३६ छातीला साडेसात इंच खोली, हे माप चांगले बसते. मुंढा खोल केला तर हात वर करताच सगळा ड्रेस वर खेचला जातो, कंबरेचा जोड बरगड्यांवर येतो आणि स्कर्ट गुडघ्यावर चढतो. लोकलमध्ये दांडी धरून उभे राहणाऱ्या बाईला मुंढ्यातल्या अर्ध्या इंचाचाही फरक रोज जाणवतो. तयार कपड्यांत मुंढा खोल असतो, कारण तोच कपडा अनेक बांध्यांना बसवायचा असतो. स्वतःसाठी शिवताना ती गरज नाही.

जुन्या पॅटर्नची पाकिटे हाती आली तर त्यांवरच्या साईजवर विसंबू नये. १९४० च्या दशकातला १६ नंबर साधारण ३४ इंच छातीचा असे. पाकिटावरचे छातीचे माप तेवढे पाहावे. बऱ्याच जुन्या पॅटर्नांवर रेषा छापलेल्या नसतात, नुसती भोके पाडलेली असतात. ती पाहून टक्स आणि खुणा आधी स्वच्छ कागदावर उतरवाव्यात.

बेत

वरच्या अंगाच्या पुढच्या दोन भागांना मध्यरेषेबाहेर पाऊण इंच बटणपट्टीसाठी आणि त्याच्या आत दुमडायला अडीच इंच जादा ठेवायचे. गळ्याची रुंदी तीन इंच, पुढची खोली तीन इंच, मागची एक इंचाच्या आत. उंचवट्यापाशी टक्सचे टोक थेट जाऊ देऊ नये, इंचभर अलीकडे थांबवावे, नाहीतर तिथे टोक उभे राहते.

बटणांची जागा गळ्यापासून खाली मोजत जाण्याची पद्धत आहे, आणि बटणपट्टी उघडी पडते ती तिच्यामुळेच. पहिले बटण छातीच्या सर्वांत भरल्या रेषेवर ठेवावे, मग तिथून तीन-तीन इंचांवर दोन वर आणि दोन खाली. वरील मापात ही पाच बटणे गळ्याच्या इंचभर खालपासून कंबरेच्या इंचभर वरपर्यंत येतात. तरीही दोन बटणांमध्ये फट पडत असेल तर मधे आतून एक टिचबटण लावावे.

बटणे कंबरेवर थांबवावीत. खालपर्यंत बटणे असलेला ड्रेस चित्रात मोहक दिसतो, पण बसल्यावर मांड्यांवरची पट्टी ताणली जाते आणि शेवटच्या दोन बटणांमध्ये तोंड उघडते. स्कर्टची पुढची कळी अखंड ठेवली की हा प्रश्न मुळातच राहत नाही. मग ड्रेस अंगात घालायला डाव्या बाजूच्या शिवणीत कंबरेच्या वर चार आणि खाली चार इंच उघडा भाग सोडायचा आणि तो टिचबटणे, हूक किंवा चेन लावून बंद करायचा. १९४० च्या दशकात हीच रीत होती. युद्धकाळात धातू दुर्मीळ असल्याने चेन मिळणे कठीण झाले होते. आजही पातळ सुती कापडाला टिचबटणेच शोभतात. चेन शिवणीला ताठ करते.

कॉलर कशी घ्यावी, हा आवडीचा भाग आहे. शर्टाची दुमडती कॉलर वरचे बटण लावूनही शोभते आणि उघडी ठेवूनही, त्यामुळे एकाच ड्रेसमध्ये दोन गळे मिळतात. गोल, चपटी पीटर पॅन कॉलर अधिक कोवळी दिसते. रुंद चेहऱ्याला ती दोन इंचांपेक्षा मोठी करू नये. कॉलरच्या आत पातळ फ्यूजिंग पुरते. बकरम घातला तर कॉलर शाळेच्या गणवेशासारखी ताठ राहते.

बाही कोपराच्या वर दोन बोटे किंवा कोपराखाली पाऊण हात. नेमकी कोपरावर थांबणारी बाही हात वाकवला की रुतते. बाहीचा माथा मुंढ्यापेक्षा इंच ते सव्वा इंच जास्त असावा. हा जादा भाग खांद्याच्या टोकाशी दोन-तीन लहान चुण्यांत घ्यावा. एवढ्यानेच चाळीसच्या दशकातला खांदा उभा राहतो. आत हवे तर दोन पदरी कापडाचा पातळ पॅड ठेवावा. मोठे स्पंजचे पॅड ऐंशीच्या दशकातले. ते इथे विजोड दिसतात.

स्कर्टच्या सहा कळ्या सारख्याच. कंबर ३२, भागिले सहा, म्हणजे प्रत्येक कळीचा माथा सव्वापाच इंचांहून किंचित जास्त. लांबी २९ इंच, तळ १४ इंच. एकूण घेर ८४ इंच होतो. मोठे पाऊल टाकायला, रिक्षात चढायला तो भरपूर आहे. माथ्यापासून आठ इंच खाली, पुट्ठ्याच्या रेषेवर, या कळ्या मिळून ४६ इंचांहून किंचित जास्त भरतात, त्यामुळे ३८ च्या पुट्ठ्यावर स्कर्ट कुठेही चिकटत नाही आणि वेगळा आकार द्यावा लागत नाही. कळीची मध्यरेषा कापडाच्या उभ्या धाग्यावर ठेवायची. मग दोन्ही कडा थोड्या उरेब येतात आणि स्कर्ट सगळीकडे सारखा पडतो. पुढच्या मधल्या कळीच्या दोन शिवणी वरच्या अंगाच्या दोन उभ्या टक्सना बरोबर भिडल्या पाहिजेत. ही रेघ छातीपासून पायापर्यंत सलग दिसली की ड्रेस शिंप्याच्या हातचा वाटतो. तुटली तर कितीही चांगले कापड असले तरी काम कच्चे दिसते.

खिसे दोनच, बाजूच्या शिवणींत. डाव्या बाजूचा खिसा उघड्या भागाच्या खाली घ्यावा लागतो, म्हणून तो उजव्यापेक्षा थोडा खाली येतो. दोन्ही एकाच उंचीवर हवे असतील तर उजवाही खाली उतरवावा.

मांजरपाटाचा ड्रेस

चांगल्या कापडाला कात्री लावण्याआधी वरचे अंग, एक बाही आणि स्कर्ट मांजरपाटावर बेतून, मोठ्या टाक्यांनी टाचून अंगावर घालून पाहावे. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि नंतर उसवण्यात त्याच्या दुप्पट वेळ घालवतात. आरशासमोर सरळ उभे राहून काही कळत नाही. खुर्चीवर बसावे, जमिनीवरची वस्तू वाकून उचलावी, दोन्ही हात डोक्यावर न्यावेत, जिना चढावा, मांडी घालून बसावे. वाकताना गळा पुढे सुटत असेल तर पुढच्या गळ्याच्या कडेशी पाव इंचाची चिमूट धरून टाचणी लावावी आणि तेवढा भाग कागदावर टक्समध्ये वळवावा. बसल्यावर स्कर्ट गुडघ्याच्या वर सरकत असेल तर दोन इंच लांबी वाढवावी. हात वर करताना कंबर उचलली जात असेल तर मुंढा वर घ्यावा. तिथे कापड कमी पडत असल्यास बगलेत तुकडा टाचून नवी रेषा आखावी. सगळे बदल मांजरपाटावर शिसपेन्सिलीने लिहून ठेवावेत.

ड्रेस शिंप्याकडून शिवून घ्यायचा असेल तर त्याच्या हातात मोबाइलमधला फोटो देऊन भागत नाही. फोटोत कंबर आणि मुंढा कुठे आहे हे दिसत नाही, आणि तो आपल्या सवयीचा, कुर्त्याचा मुंढा कापतो. दुरुस्त केलेले मांजरपाट त्याला द्यावे आणि तीन गोष्टी बोलून सांगाव्यात: मुंढा खोल करू नका, बाजूला इंचभर माया ठेवा, खालचा दुमड माझ्याशिवाय घालू नका.

शिवण

बाजूच्या शिवणींत एक इंच आणि बाकी सगळीकडे अर्धा इंच माया ठेवावी. आधी टक्स, मग खांदे, कॉलर, बाह्या, आणि कंबरेचा जोड शेवटी. कळ्यांच्या उरेब कडा शिवताना कापड ओढू नये. नुसते मशीनखाली सरकू द्यावे, नाहीतर शिवण लाटेसारखी होते. शिवण नेहमी तळापासून माथ्याकडे घालावी. कंबरेच्या जोडात आतून अर्ध्या इंचाची सरळ सुती पट्टी शिवली तर वापरून कंबर सैल पडत नाही. प्रत्येक शिवण घातल्याबरोबर इस्त्रीने उलगडून दाबावी. शेवटी एकदम इस्त्री करून ती सफाई येत नाही.

खालचा दुमड घालण्याआधी ड्रेस पूर्ण एक दिवस हँगरला टांगून ठेवावा. उरेब भाग स्वतःच्या वजनाने उतरतो, आणि तो सगळीकडे सारखा उतरत नाही. मग ड्रेस अंगात घालून, रोजची चप्पल पायात घालून उभे राहावे आणि दुसऱ्या कोणी जमिनीपासून पट्टी लावून गोलाकार खुणा कराव्यात. कंबरेपासून मोजलेली लांबी पुट्ठ्यावर चढते, म्हणून मागे ड्रेस आखूड दिसतो. दुमड अडीच इंचांचा असावा आणि हातशिलाईने, वरून टाका दिसणार नाही असा घालावा. मशीनची टीप खाली गोल फिरली की सगळी मेहनत तयार कपड्यासारखी दिसते. रुंद दुमडाने स्कर्टला खाली वजन येते आणि वाऱ्यात तो उडत नाही.

पट्टा त्याच कापडाचा, दीड इंच रुंद, आत कडक कॅनव्हास घालून. त्याला बक्कल कापडानेच मढवलेले मिळाले तर उत्तम. बाजूच्या शिवणींवर धाग्याचे बारीक लूप घालावेत, म्हणजे पट्टा कंबरेच्या जोडावरून सरकत नाही. पट्टा वेगळा धुवावा. कॅनव्हास पाण्यात फार भिजला तर त्याच्या घड्या जात नाहीत.

दुरुस्त केलेले मांजरपाट उसवून, इस्त्री करून, त्यावर तारीख आणि मापे लिहून ठेवावे. पुढच्या ड्रेसला फक्त कॉलर आणि बाही बदलली तरी पुरते. कंबर तेवढी पुन्हा एकदा दोरा बांधून तपासावी.